चौथा सात

ही गोष्ट कुणी खरी मानणार नाही. चाळीस बोटी समुद्रावर हरवल्या आणि वजाबाकी करून घरी आल्या, असं म्हणणाऱ्या माणसाला गावात कुणी मुलगी देणार नाही. पण सांगणाऱ्याचं लग्नाचं वय केव्हाच उलटून गेलंय, तेव्हा त्याला कसली भीती? मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढून ठेवल्यात, जाळी सांधून बोटं दुखलीत आणि चहाला अजून अवकाश आहे. ऐका. मागे खांबाला टेकून सुपारी कातरत बसलेल्या गृहस्थांनी आत्तापासूनच मान हलवायला सुरुवात केलीय. हलवू देत.

तर आपल्याच या खडपेबंदरात तारींच्या घरी स्वरांगी नावाची मुलगी होती. बाप दिगंबर तारी, स्वतःच्या बोटीचा कप्तान, म्हणून सगळे म्हणायचे दिगू तांडेल. मुलीने इंजिनीअर व्हावं म्हणून त्याने जिवाचं रान केलं आणि ती झाल्यावर तिने त्याचं ऐकणं बंद केलं. त्यात तिचा काही दोष नाही. इंजिनीअरचं काम तेच असतं.

ती एकदा कणकवलीच्या एसटी स्टँडवर गाडीत बसून होती. गाडी सुटायला वेळ होता. शेजारी एक लांब मानेचा तरुण येऊन बसला. नाव बालाजी सूर्यवंशी, गाव लातूरकडचं, इथल्या शाळेत गणिताचा मास्तर. समुद्राची त्याला इतकी धास्ती की समुद्राचा फोटो बघून त्याला मळमळायचं. खिडकीच्या काचेवर धूळ होती. तो म्हणाला, "कुठलाही चार आकडी नंबर सांगा."

"कशाला?"

"वेळ जाईल."

तिने समोरच्या गाडीचा नंबर वाचला, ३५२४. त्याने बोटाने काचेवर आकडे उतरते मांडले, ५४३२. त्याखाली चढते, २३४५. वजा केले, आले ३०८७. पुन्हा तेच, शून्य न गाळता. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा तेच. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४.

"आता हा कुठे जातो बघा," तो म्हणाला. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. "हा कुठेच जात नाही. हा घरी पोचलाय. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी गेल्या शतकात याची ही खोड पकडली. कुठूनही निघा, सात फेऱ्यांच्या आत इथेच येता. आठवी फेरी कधीच लागत नाही."

"कुठूनही?"

"चारही आकडे सारखे नकोत. ते वजा केले की शून्य, आणि शून्यातून पुढे वाट नाही."

तिने पाच-सहा नंबर दिले. काच भरली. मग त्यांच्या लक्षात आलं की ते बसले होते ती दुसरीच गाडी होती आणि त्यांची केव्हाच निघून गेली होती. पुढची दीड तासाने. लग्न तिथेच ठरलं म्हणायला हरकत नाही.

दिगू तांडेलाला हे कळलं तेव्हा तो ओटीवर जाऊन बसला. अडकित्ता काढून सुपारी कातरायला लागला. घरातल्यांना कळलं की आता हा माणूस काही महिने तरी बोलणार नाही. लग्नाला आला, अक्षता टाकल्या, पण जावई हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. गणपतीत बालाजी समोर पानावर बसलेला असायचा आणि दिगू मुलीला विचारायचा, "त्या घाटावरच्याक इचार, आमटी व्हई काय."

"बाबा, तो इथेच आहे."

"म्हणान सांगतंय, इचार."

आता यंत्राकडे येऊ. आपल्याकडे लांबून मारलेल्या हाकेला कुकारो म्हणतात. स्वरांगीने मच्छीमार सोसायटीसाठी जो डबा बनवला त्याचं नावही कुकारोच पडलं. जेवणाच्या डब्याएवढा. बोटीवर बसवायचा, त्यातून बोलायचं, ऐकायचं. त्यात दहा हजार चॅनेल, ०००० ते ९९९९. एवढे कशाला? तर खडपेबंदरचा माणूस बायकोला मनातलं सांगेल, सासूला मनातलं सांगेल, पण सुरमई कुठे लागली ते सख्ख्या भावाला सांगणार नाही. एकाचं बोलणं दुसऱ्याने ऐकलं तर उद्या त्या जागी वीस बोटी. म्हणून दर फेरीला उपग्रह प्रत्येक बोटीला नवा गुप्त नंबर द्यायचा. तो नंबर फक्त त्या डब्याला आणि टेकडीवरच्या सोसायटीच्या खोलीला माहीत. सोसायटीतल्या मंडळींना हे इतकं आवडलं की जुने वायरलेस सेट त्यांनी भंगारात घातले.

स्वरांगीला एकच काळजी होती. उपग्रहच बिघडला तर? चाळीस बोटी चाळीस चॅनेलवर, कुणाचा कुणाला पत्ता नाही. आणीबाणीचा एक ठरलेला नंबर डब्याच्या स्मरणात ठेवता आला असता. पण बिघाडात स्मरणच पुसलं जातं, नाहीतर त्यात कचरा भरतो. कचऱ्यातून घरचा पत्ता कसा काढायचा?

यावर तिला एसटीची काच आठवली. तिने डब्याच्या स्मरणात काही ठेवलं नाही. एक रीत तेवढी त्याच्या तारांतच जोडून टाकली: उपग्रह गप्प झाला किंवा बरळायला लागला की हाती जो नंबर असेल तो घे, उतरता लाव, चढता लाव, वजा कर. आलेल्या चॅनेलवर मिनिटभर ऐक. पुन्हा वजा कर. नंबर खरा असो की कचरा, सात फेऱ्यांत सगळे डबे आपोआप ६१७४ वर. माणूस स्वतःचं नाव विसरला तरी चालायचं विसरत नाही, तसं हे. शून्य म्हणजे डबा बंद, ही आतल्या भागांची कारखान्यातूनच आलेली खूण होती, म्हणून चार सारखे आकडे डबा घेणारच नाही असं कुलूपही तिने घातलं.

आणि मग ते कुलूप तिने स्वतःच्या हाताने काढलं.

त्याचं असं झालं. दिगू तांडेलाला सातचं वेड. स्कूटरला ७७७७. मोबाइलच्या शेवटी ७७७७. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना ७७७७, एवढे मोठे की डॉल्फिनसुद्धा वाचून बाजूला व्हायचे. एक दिवस तो आपण होऊन लेकीच्या दारात आला. लग्नानंतर पहिल्यांदा. चहा घेतला. साखर कमी आहे म्हणून सांगितलं, म्हणजे राग गेला होता. मग म्हणाला, "त्या डब्यात माका चारय सातच व्हये. दर फेरीक नंबर बदललेलो माका चलाचो नाय. माका लाज वाटता."

"कुणाची लाज, बाबा? नंबर कुणाला दिसत नाही."

"माका दिसता."

बालाजी दाराशी उभा होता. त्याने घसा साफ केला. "मामा, सगळे सारखे नका ठेवू. एक आकडा वेगळा असू द्या. वेगळा कुणी असला म्हणजेच वजाबाकीत हाती काही उरतं."

दिगूने प्रथमच त्याच्याकडे सरळ बघितलं. "वेगळो म्हणजे? तुझ्यासारखो?"

"माझ्यासारखाच म्हणा."

"घरात एक आसा तो पुरे झालो."

बालाजी हसला. तो मनाला लावून घेणारा नव्हता. तो म्हणाला, "तुम्हाला सात आवडतात ना? ६१७४ ला अठराने भागा. ३४३ येतात. म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. तीन सात त्याच्या पोटातच आहेत, मामा. तेवढा चौथा सोडा."

दिगूने अडकित्ता काढला. स्वरांगीने तो अडकित्ता बघितला, आणि तिला तीन वर्षांचं गप्प जेवण आठवलं. तिने डबा उघडला, कुलूप काढलं, चार सात घातले आणि उपग्रहाने कितीही सांगितलं तरी ते बदलू नयेत अशी सोय केली. बाप उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. बालाजी चहाचे कप उचलून आत गेला. ते तिला जास्त लागलं.

दोन वर्षं काही झालं नाही.

२०३७ सालच्या जानेवारीत सूर्याला शिंक आली. शास्त्रज्ञांचा शब्द वेगळा आहे, अर्थ तोच. सूर्याच्या अंगावरून विजेने भारलेल्या कणांचा एक लोट सुटला आणि पृथ्वीवर येऊन आदळला. माणसांना काही झालं नाही, पण वरच्या उपग्रहांची शुद्ध हरपली. काही गप्प झाले. काही तापात बरळावं तसे बरळायला लागले, आणि खालच्या डब्यांना वाटेल ते नंबर वाटत सुटले. मोबाइल गेले. नकाशे गेले. हे सगळं सकाळी आठच्या सुमाराला, आणि त्यात धुकं. धुकं इतकं दाट की विडी पेटली की नाही ते ओठाला चटका बसल्यावरच कळायचं.

(मागे अडकित्ता कट्ट वाजला. वाजू दे. एवढं दाट नसेल, पण होतं.)

चाळीस बोटी बाहेर होत्या. पलीकडून मोठ्या जहाजांची वाट जाते. तीही आंधळी झालेली, आणि त्यांना थांबायला मैलभर पाणी लागतं.

स्वरांगी टेकडीवरच्या खोलीत होती. रविवार, म्हणून बालाजीही तिचा जेवणाचा डबा घेऊन आला होता. खोलीच्या छपरावर एक थाळी होती, हाताने फिरवायची. ज्या दिशेला तोंड करावं तिकडचा बारीक आवाजही पकडायची. तिने ६१७४ लावून ठेवलं. पहिलं मिनिट, खरखर. दुसरं मिनिट, खरखर. तिसऱ्याला एक आवाज आला.

"कोण आसा काय रे? गणेशकृपा बोलता."

मग दुसरा. मग एकदम पाच. सहाव्या-सातव्या मिनिटाला त्या एका चॅनेलवर मंगळवारचा बाजार भरला. कुणाच्या डब्यात काय कचरा भरला होता देव जाणे, पण वजाबाकीने सगळ्यांना धरून एका दाराशी आणलं होतं. स्वरांगी थाळी फिरवायची, आवाज कुठून येतो ते पकडायची, आणि उलट दिशा सांगायची. "गणेशकृपा, होकायंत्र बघ. पूर्वेला धर, थोडं दक्षिणेकडे. भोंगा वाजवत ये." बालाजी भिंतीवर खडूने नावं लिहीत होता. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.

मग कुणी नवीन बोललं नाही.

दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. कुठलं नाव राहिलंय ते त्यांना केव्हाच कळलं होतं.

धक्क्यावर बायका म्हणत होत्या, देवा, आमच्या माणसाचं यंत्र धडधाकट ठेव. टेकडीवर ती एकटी म्हणत होती, माझ्या बापाचं बिघडू दे. एक आकडा बिघडू दे. सातचा सहा होऊ दे, आठ होऊ दे, काहीही होऊ दे. पण ते बिघडणार नव्हतं. उपग्रहाचं ऐकू नकोस असं तिनेच त्याला सांगून ठेवलं होतं. सगळ्या समुद्रावर एकच डबा अगदी ठणठणीत होता, सातांतून सात वजा करून दर वेळी शून्यावर बंद पडत होता, आणि म्हणून एकटाच मुका होता.

"मी ते कुलूप काढायला नको होतं," ती म्हणाली.

"ते नंतर बोलू," बालाजी म्हणाला. "मामांनी डब्यावरचं बटण दाबून स्वतः आकडा बदलला तर?"

"बाबा? सात सोडतील?"

"समजा सोडला. तर आपल्याला ऐकू येईल का?"

हा प्रश्न बरोबर होता. लांबचा आवाज थाळी नेमकी तिकडे असली तरच येणार. आणि तिकडे म्हणजे कुठे? दिगू तांडेल जाळं कुठे टाकतो ते त्याच्या सावलीलाही माहीत नव्हतं. तिने बटण दाबलं. "सगळ्यांनी ऐका. माझे बाबा सापडत नाहीत. ते कुठे जातात कुणाला माहीत आहे?"

बाजार एकदम गप्प झाला.

"पश्चिमेक," कुणीतरी म्हणालं.

"पश्चिमेला सगळेच जातात, काका. पूर्वेला हायवे आहे."

गप्प राहायचं कारण वाईटपणा नव्हता. दिगूची जागा माहीत आहे म्हणायचं, तर ती कशी कळली तेही सांगावं लागणार, आणि आपण कुठे होतो तेही. इतक्या कानांसमोर. पिढ्यानपिढ्यांची सवय जिभेवर बसलेली.

बालाजीने तिच्या हातातून माइक घेतला. "मंडळी, मी घाटावरचा. मला सुरमई आणि बांगडा यातला फरक अजून कळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच मला तीनदा फसवलंय. मला सांगा. मला सांगून काही बिघडत नाही."

आणि तेव्हा बाबल धुरी बोलला. बाबल म्हणजे काय माणूस. तरणाबांड, देखणा, छातीचा भाता असा, बंदरातल्या निम्म्या पोरी त्याच्यावर जीव टाकायच्या. असा बाबल म्हणाला, "कासवखडकाच्या पलीकडे. पश्चिमेक, जरा दक्षिणेक. जहाजांच्या वाटेक लागान. मी महिनाभर त्याच्या मागसून जातंय."

"मागसून? कित्याक?" दुसऱ्या बोटीवरून एकाने विचारलं.

"त्याची जागा चोरूक. आनी कित्याक?"

एकाचं तोंड उघडलं तशी धरणाची दारं उघडली. तू तिथे होतास होय, मग तिथे तर मी असतो, अरे ती माझी जागा. पाच मिनिटांत निम्म्या बंदराला कळलं की निम्मं बंदर एकाच गुप्त जागी जाळं टाकतं. स्वरांगीला त्या परिस्थितीतही हसू आलं. मग ते थांबलं. थाळी कासवखडकाकडे वळवायची, तर उत्तरेला अजून दोन बोटी धुक्यात होत्या. त्यांचा आवाज जाणार होता.

तिने ते त्यांना सांगितलं. काही लपवलं नाही.

"फिरव गो," उत्तरेकडून आवाज आला. "आमका धक्क्यावरचो भोंगो आयकाक येता." येत असेल किंवा नसेल. तिने ते पडताळलं नाही. थाळी फिरवली.

"आता कुणी बोलू नका," ती म्हणाली. बोलल्याशिवाय न राहणारी एकोणचाळीस बोटींची माणसं एका चॅनेलवर गप्प बसली. या गोष्टीतली सगळ्यात अविश्वसनीय गोष्ट हीच.

तिकडे कासवखडकापलीकडे दिगूची बोट इंजिन बंद करून उभी होती. वर चार खलाशी, समोर डबा. डब्यावर ७७७७ येत होते आणि लगेच ००००. ७७७७, ००००. दिगूने नारळ वाढवला. डब्याला शिव्या दिल्या. मग मूठ मारली. मग त्याची माफी मागितली. आणि धुक्यातून मोठ्या जहाजाचा भोंगा आला, पोटात घुमणारा. पुन्हा आला, जवळून. कुठल्या बाजूने ते कळेना. इंजिन चालू करून पळावं तर पळायचं कुठे?

दिगू डब्यासमोर बसला. खलाशी सांगतात, तो स्वतःशीच पुटपुटत होता. "तीन पोटात आसत. तीन पोटात आसत म्हणालो." चौथ्या आकड्याखाली एक बटण होतं. त्याने त्यावर अंगठा ठेवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, दाढी भिजली, सदरा भिजला. आयुष्यभराचा सात होता तो. आणि त्याने बटण एकदा दाबलं. ७७७८.

डब्याने पहिली वजाबाकी केली. ०९९९. मिनिटभर ऐकलं. कुणी नाही. भोंगा आला.

दुसरी. ८९९१. कुणी नाही. बोट खालून हलायला लागली.

तिसरी. ८०८२. धुक्यात वरच्या बाजूला काहीतरी काळं दिसलं, डोंगरासारखं.

चौथी. ८५३२. खलाशांनी एकमेकांचे हात धरले.

पाचवी. भोंगा असा वाजला की डब्यावर काय आलं ते कुणाला दिसलंच नाही. सहावी. लाट आत आली, डबा तरंगायला लागला, दिगूने तो छातीशी धरला. सातवी. काळा डोंगर चार वावांवर. डब्यातून आवाज नाही. टेकडीवर स्वरांगीचे डोळे मिटलेले, बालाजीचा हात तिच्या खांद्यावर, सगळ्या बंदराचा श्वास अडकलेला, आणि मग, अगदी शेवटच्या क्षणाला, डबा आठव्या फेरीला

"बाबल," खांबापाशी अडकित्ता मिटल्याचा आवाज झाला. "आठवी फेरी नसताच. चवथ्याक ८५३२ इलो म्हणतंस, मगे पाचव्याक ६१७४ येवकच व्हयो. पाचव्या फेरीक माका लेकीचो आवाज आयकाक इलो, आनी जहाज मैलभर लांब होता. मी थयच होतंय. खरां वाटत नाय तर माझ्या जावयाक इचार."